पार्किन्सन्स आणि चालणं: मेट्रोनोम लावावा, तबल्याचा ठेका की गाणी?

वेणू:
वडील ७१ वर्षांचे, पार्किन्सन्सचं निदान होऊन सहा वर्षं झाली. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून चार वेळा. हात थरथरण्याचा त्रास कमी, चालण्याचा जास्त. पावलं आखूड पडतात, पाय घासतात आणि बाथरूमच्या दारात किंवा वळताना ते फरशीला चिकटल्यासारखे होतात. आवाजही बराच खाली गेलाय.

न्यूरोलॉजिस्टनी 'फिजिओथेरपीबरोबर तालावर चालायचा सराव ठेवा' असं सुचवलंय. विचारायचं ते असं:

१. ठोका कशाचा लावायचा आणि किती गतीचा?
२. रोज किती वेळ, गोळीच्या आधी की नंतर?
३. वडील पक्के कानसेन आहेत. नाट्यगीत लावलं की चालायचं सोडून उभे राहून ऐकतात! मग गाणं लावूच नये का?
४. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणत्या आजाराला कोणता राग' असा तक्ता फिरतोय. त्यात कितपत तथ्य?
५. आवाजासाठी भजनं म्हणून घेतली तर फायदा होईल का?

पायरव:
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकीचं त्यातूनच उलगडेल.

पार्किन्सन्समध्ये पायांतली ताकद गेलेली नसते. एकामागून एक पाऊल आपोआप पडत राहावं म्हणून मेंदूतल्या बेसल गँग्लियाकडून जो आतला ठोका मिळतो, तो क्षीण झालेला असतो. बाहेरून नियमित ठोका दिला की कानाकडून हालचालीच्या केंद्रांकडे जाणारा दुसरा रस्ता कामाला लागतो. पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूला आधीच कळतं, त्यामुळे पाऊल त्याच्याशी जुळतं. म्हणजे इथे औषध आहे ते ठोक्यात. सूर, शब्द, ताना, हरकती हे सगळं लक्ष मागतं, आणि या रुग्णांना चालण्यासाठीच पुरं लक्ष द्यावं लागतं. दोन्ही एकदम झेपत नाही, मग एक थांबतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत चालणं थांबतं, कारण गाणं त्यांना जास्त प्रिय आहे! नाट्यगीत आरामखुर्चीत बसून ऐकू दे. चालताना निदान पहिले दोन आठवडे नुसता ठोका.

या पद्धतीचं नाव रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरी रोज ३० मिनिटं, तीन आठवडे असा सराव करून घेतला होता. चालण्याचा वेग सरासरी २५ टक्के आणि ढांगेची लांबी १२ टक्के वाढली.

आधी मोजा. इमारतीच्या पॅसेजमध्ये किंवा गच्चीवर १४ मीटर सरळ जागा बघा. सुरुवातीचे २ आणि शेवटचे २ मीटर मोजणीत धरायचे नाहीत, कारण तिथे वेग घेणं आणि कमी करणं चालू असतं. मधल्या १० मीटरवर खडूच्या दोन रेघा. नेहमीच्या चालीने चालू द्या, रेघेपासून रेघेपर्यंत पावलं मोजा आणि सेकंद मोजा. तीनदा करा, सरासरी घ्या.

मिनिटाला पावलं = पावलं × ६० ÷ सेकंद
पावलाची लांबी = १००० सेंमी ÷ पावलं

मोजताना ठोका लावू नका, 'नीट चाला' म्हणू नका. सूचना दिली की माणूस परीक्षेला बसल्यासारखा चालतो आणि आकडा खोटा येतो.

आता गती. इथेच घोळ होतो, कारण बहुतेक ठिकाणी 'नेहमीच्या गतीपेक्षा ५ ते १० टक्के जास्त ठोका लावा' एवढंच लिहिलेलं असतं. ज्यांचे पाय गोठत नाहीत, म्हणजे चालताना फरशीला चिकटल्यासारखे अडकत नाहीत, त्यांना ते लागू पडतं. गोठणाऱ्या रुग्णांत उलटं होतं. बेल्जियममधल्या लूवेनच्या गटाने २००६ मध्ये दोन्ही प्रकारचे रुग्ण तपासले तेव्हा गोठणाऱ्यांची ढांग जलद ठोक्यावर आणखी आखूड झाली आणि ठोका १० टक्के कमी केल्यावर लांब झाली. कारण सरळ आहे: घाईने आखूड पावलं पडत पडत शेवटी पाय अडकतात. वडिलांचे पाय गोठतात, म्हणून मोजलेल्या गतीइतका किंवा त्याहून ५ ते १० टक्के कमी ठोका लावा आणि तोच राहू द्या. वाढवायची ती पावलाची लांबी.

वेळ: गोळी घेतल्यावर साधारण ४५ मिनिटांपासून तासाभरात, शरीर मोकळं असतं त्या काळात. गोळीचा असर उतरलेला असताना शिकवण्यात दोघांची दमछाक होते आणि पडण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

रोजचा अर्धा तास असा बसवा. आधी खुर्चीत बसून ३-४ मिनिटं ठोक्यावर टाचा आपटायच्या, उजवी-डावी. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभं राहून दोन मिनिटं वजन या पायावरून त्या पायावर. मग पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं बसणं. शेवटी ठोका बंद करून तीन मिनिटं चालणं, तीच लय मनात धरून. हा शेवटचा भाग लोक गाळतात, आणि मग फोन चालू असेपर्यंतच चालणं सुधारतं. टाच आधी टेकते का ते बघा. टाचेचा 'टक्' ठोक्यावर यायला हवा. चवडा घासत ठोका पकडला तर उपयोग नाही.

दारात गोठतात त्यासाठी निव्वळ कानावर विसंबू नका. दाराच्या अलीकडे तीन आणि पलीकडे दोन आडव्या चिकटपट्ट्या लावा, फरशीपेक्षा अगदी वेगळ्या रंगाच्या, दोन इंच रुंद, ४५ ते ५० सेंमी अंतरावर. बाथरूमच्या आत ओल्या जागी साधी चिकटपट्टी नको, खडबडीत अँटी-स्किड पट्टी घ्या. पाय अडकले तर ओढू नका. थांबू द्या, ठोक्यावर तीन-चार वेळा डावी-उजवीकडे झुलू द्या आणि मग पट्टी ओलांडून मोठं पाऊल. हाताला धरून पुढे ओढलं की धड पुढे जातं आणि पाय मागे राहतात. बरेचदा पडणं होतं ते असं. वळताना एका पायावर गिरकी नको, पाच-सहा पावलांचं मोठं अर्धवर्तुळ घ्यायला लावा, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल.

सोबत चालणाऱ्याने अर्धं पाऊल मागे, कमजोर बाजूला राहायचं, आणि गप्प राहायचं. 'सांभाळून हं, पायपुसणं आहे' हेसुद्धा लक्ष फोडतं. पायपुसणं आधीच उचला.

एक तपासणी अगदी जरूर: पाच मिनिटं आडवं राहिल्यावर रक्तदाब घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा. या आजारात हे वरचेवर दिसतं आणि तालाने ते सुधारत नाही.

धागेतिरकिट:
पायरव यांनी शरीराचं सगळं सांगितलं, मी ठोक्याच्या बाजूने बोलतो.

मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक गतीने ठोका देणाऱ्या ॲपचा मूळ आवाज बहुधा 'टिंग' असा उंच असतो. वयोमानाने ऐकू कमी येतं ते आधी उंच पट्टीतलं, त्यामुळे तो टिंग कानात शिरतच नाही आणि घरचे आवाज वाढवत बसतात. सेटिंगमध्ये लाकडी ठोकळ्याचा किंवा ढोलासारखा खालचा आवाज निवडा. दर दुसऱ्या ठोक्याला जोर देता येतो, तो उजव्या पायासाठी ठेवा.

मेट्रोनोमचा कंटाळा आला की तबल्याच्या ॲपवर जा. कोणता ताल, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

केहरवा उत्तम. धा गे ना ती न क धी ना, आठ मात्रा. समजा पावलांची गती मिनिटाला ९६ ठरली. ॲपमध्ये ९६ लावून प्रत्येक मात्रेला पाऊल टाकता येतं, पण केहरवा इतका संथ ऐकवत नाही. १९२ लावा आणि एकाआड एक मात्रेवर पाऊल: धा, ना, न, धी. मधल्या मात्रा भरलेल्या असल्याने दोन पावलांमधला वेळही कानाला कळतो, पाऊल घाईने पडत नाही. आवर्तनात, म्हणजे आठ मात्रांच्या एका फेरीत, चार पावलं; सम, म्हणजे पहिली मात्रा, कायम उजव्या पायावर.

भजनी ठेका मात्र टाळा, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. 'धिं' पहिल्या मात्रेनंतर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर पडतो, पाय पडायचे १, ३, ५, ७ वर. म्हणजे जोर पावलांच्या मधोमध. निरोगी माणसाला त्यात डोलायला गंमत वाटते, इथे पाय चुकतो.

दादरा चालेल, मात्रेला एक पाऊल धरलं तर. सहा पावलांनी सम परत उजव्यावर येते, पण चौथ्या मात्रेचा जोर डाव्यावर येतो, ते कोणाला खटकतं कोणाला नाही. रूपक नको: सात मात्रा, म्हणजे दर आवर्तनाला सम पाय बदलते. विलंबित एकतालाचं नावही काढू नका.

गाणीच वापरायची असतील तर हे पाहा:

गाण्याची गती टॅप टेम्पोवर मोजा: ॲपमधल्या बटणावर गाण्याबरोबर बोट आपटायचं, आकडा आपोआप येतो. पहिल्या मिनिटाला एकदा, शेवटच्या मिनिटाला एकदा. तीन ठोक्यांहून जास्त फरक असेल तर गाणं बाद. मैफलीतली ध्वनिमुद्रणं, आरत्या, गजर यांत लय चढत जाणं हाच तर रंग असतो; चालणारा त्या लयीबरोबर धावायला लागतो आणि तोल पुढे जातो. या आजारात पावलं आपसूक धावायला लागण्याची खोड असते, तिला खतपाणी नको.

सुरुवात लांबलचक आलापाची असेल तर ती कापा. पाऊल कधी टाकायचं ते कळत नाही.

गतीत थोडाच फरक असेल तर कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. इफेक्टमध्ये 'चेंज टेम्पो' केलं की पट्टी न बदलता गती बदलते. पाच-सहा टक्क्यांपर्यंत कानाला खुपत नाही, त्यापुढे तबला चिरकल्यासारखा वाटतो. मग जनरेटमधून 'रिदम ट्रॅक' घेऊन त्याच गतीचा ठोका गाण्याखाली घाला. गाणं थोडं हळू, ठोका थोडा मोठा. पहिला ठोका गाण्याच्या समेवर सरकवून बसवावा लागतो, तिथे वेळ जातो. नंतर दर आठवड्याला ठोका किंचित कमी करत न्या.

लेझमीची हलगी, बँडवरची संचलनाची धून, शाळेत कवायतीला वाजायची तसली सरळ दोन-दोनच्या ठोक्याची वाद्यसंगीतं या कामाला फार चांगली. वारीतली पावली दिसायला आकर्षक, पण तिच्यात पाय मागे आणि आडवा टाकायचा असतो. घरी, बिनआधाराची, अजिबात नको.

वेणू:
दोघांचेही आभार. गच्चीवर स्पीकर लावला तर शेजाऱ्यांची कुरकुर होईल. इअरफोन चालेल का?

पायरव:
गच्चीवर, पॅसेजमध्ये चालेल. रस्त्यावर दोन्ही कान बंद करायचे नाहीत. मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे. एकाच कानात घाला किंवा कानशिलावर बसणारा बोन कंडक्शनचा घ्या. वायरचा नको, हातात-पायात अडकतो. ब्लूटूथचा आवाज किंचित उशिरा येतो त्याची काळजी नको, ठोका सलग असल्यामुळे फरक पडत नाही. मध्येच तुटला तर मात्र पाय थबकतो, म्हणून फोन त्यांच्याच कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा. नोटिफिकेशन बंद.

वडील कानसेन आहेत म्हणून आणखी एक सुचवते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एलिनॉर हॅरिसन आणि गॅमन अर्हार्ट यांच्या गटाने बाहेरचं संगीत आणि रुग्णाने स्वतः गुणगुणणं यांची तुलना केली. स्वतःच्या गाण्यावर पावलं जास्त एकसारखी पडली, मनातल्या मनात गायलं तरीही. त्यामुळे ठोका अंगवळणी पडल्यावर त्यांना पाठ असलेल्या एखाद्या सरळ लयीच्या गाण्याची एकच ओळ धरा, मुखड्याची. रात्री बाथरूमला जाताना फोन कुठे शोधणार? ती ओळ कामाला येते.

शंकेखोर:
चौथ्या प्रश्नाबद्दल. तक्त्यात बहुधा 'दरबारी निद्रानाशाला, मालकंस रक्तदाबाला' असं काहीतरी असेल. रागांचा समयसिद्धांत, रस, भाव ही आपली सौंदर्याची समृद्ध परंपरा आहे. तिच्यावरून 'अमुक आजारावर तमुक राग, सात दिवस' असा कागद तयार करणं वेगळं. एकाच रागाचा विलंबित आलाप आणि त्याच रागातला द्रुत लयीतला 'झाला' (सतारीसारख्या वाद्यावरचं वेगवान वादन) यांचा शरीरावर परिणाम सारखा कसा असेल? तक्ता लय सांगत नाही, वाद्य सांगत नाही, आवाजाची पातळी सांगत नाही. ऐकणाऱ्याला तो राग आवडतो का, हेसुद्धा विचारत नाही.

लयीचं काम मोजलेलं आहे. इटलीत पाव्हिया इथले लुचानो बर्नार्दी यांनी २००६ मध्ये २४ निरोगी लोकांना, अर्धे वादक-गायक आणि अर्धे नसलेले, सहा प्रकारचं संगीत ऐकवलं; त्यात एक भारतीय रागही होता. श्वास, नाडी, रक्तदाब यांच्यात फरक पडला तो मुख्यतः लयीप्रमाणे: जलद लयीला वाढ. शैली कोणती, आवड कोणती, याचा वाटा थोडा. आणि सगळ्यात जास्त शांतता नोंदली गेली ती मध्ये पेरलेल्या दोन मिनिटांच्या निव्वळ शांततेत! तेव्हा तासभर सलग राग लावून ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं ऐकून बंद करणं जास्त शहाणपणाचं.

झोपेसाठी संगीताला बऱ्यापैकी आधार आहे. प्रौढांच्या निद्रानाशावरच्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) संगीत ऐकल्याने झोपेची प्रत सुधारते असं दिसलं. रोज त्याच वेळी, अंथरुणात, संथ, तालवाद्य कमी असलेलं, ओळखीचं. साधारण अर्धा-पाऊण तास, तेही आठवडेच्या आठवडे. एका रात्रीत काही होत नाही. दरबारी आवडत असेल तर दरबारी लावा की, कोण अडवतंय. फक्त आलाप आधी डाऊनलोड करून ठेवा. यूट्यूबवर आलाप रंगात आला असताना सिमेंटची जाहिरात किंचाळली तर झोपेचं खोबरं.

अजून एक दावा फिरतो: 'संगीताने डोपामाइन वाढतं, म्हणजे पार्किन्सन्स बरा होतो.' डोपामाइन म्हणजे या आजारात कमी पडणारं मेंदूतलं रसायन. आवडतं संगीत ऐकताना मेंदूच्या स्ट्रायटम या भागात ते स्रवतं हे मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये दाखवलं गेलं, पण निरोगी ऐकणाऱ्यांत आणि क्षणभरापुरतं. इथे डोपामाइन तयार करणाऱ्या पेशीच कमी झालेल्या आहेत. गोळी चुकवून गाणं लावणं म्हणजे संध्याकाळपर्यंत माणूस खुर्चीत अडकणं. हे कोणीतरी करतं, म्हणून लिहिलं.

स्वरयंत्र:
पाचवा प्रश्न. भजनं म्हणा, पण आवाज वाढवण्यासाठी नुसती भजनं पुरत नाहीत.

या आजारात रुग्णाला स्वतःचा आवाज पुरेसा मोठा वाटत असतो. 'मी व्यवस्थित बोलतोय, तुम्हालाच ऐकू येत नाही' हे घरोघरी ऐकायला मिळतं, आणि ते मुद्दाम म्हणत नाहीत. मेंदूची मोजपट्टीच आखूड झालेली असते. म्हणून उपचाराचं सूत्र एकच: मोठ्याने. एल.एस.व्ही.टी. लाऊड ही पद्धत आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, तासाची एक बैठक अशी असते आणि ती शिकलेला स्पीच थेरपिस्ट हवा. तो मिळेपर्यंत घरी एवढं सुरू करता येईल:

ताठ बसून, पोटातून श्वास भरून, 'आ' मोठ्याने आणि शक्य तितका लांब. असे दहा ते पंधरा. मग खालच्या सुरातून वरच्या सुरात सरकत 'आ', आणि उलट. मग रोज लागणारी दहा वाक्यं, तीच, रोज: 'चहा झाला का?', 'दार लाव', 'माझा चष्मा दे'. फोनवर ध्वनिमापकाचं ॲप तोंडापासून ३० सेंमीवर ठेवा. साध्या बोलण्यात तिथे ७० डेसिबलच्या आसपास आकडा येतो, पण फोनचे माइक अचूक नसतात, म्हणून आकडा फक्त त्यांच्या स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडून बघा.

गाताना पट्टी. पेटीवर बसवलेली जुनी सवय काळी एकची असेल तर आता ती अर्ध्या-एका सुराने खाली आणा. वरचा षड्ज ताणून गाठण्यात गळा आवळला जातो आणि आवाज घोगरा होतो. मोठा आवाज पोटाच्या जोरावर हवा, मानेच्या शिरा ताणून नको. चरण छोटे असलेलं निवडा, प्रत्येक चरणाआधी श्वास. लय संथ ठेवा, कारण या आजारात बोलणंही पावलांसारखं धावतं, शब्द एकमेकांवर चढतात.

सामूहिक भजनाला जरूर जावं, मन प्रसन्न होतं. पण घोळक्यात कोणीही ओठ हलवून निभावून नेतो. एक चरण सगळ्यांनी, एक चरण त्यांनी एकट्याने, असं केलं तर व्यायाम होतो.

जेवणानंतर लगेच गायला बसवू नका. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज ओला-घरघरता येणं, गोळी घशात अडकणं, यांतलं काही असेल तर आधी गिळण्याची तपासणी. गाण्याचं नंतर बघू.

मुपोस्ट_बदलापूर:
एकट्याने घरी करण्यात सातत्य टिकत नाही म्हणून गटांची भर घालतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते, त्यांच्या सभा आणि व्यायामवर्ग असतात. पुण्यात ऋषिकेश पवार यांच्या नृत्यकेंद्राने पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी समकालीन नृत्याचे वर्ग घेतले आहेत. सध्याच्या वेळा फोन करून विचारा.

'म्युझिक थेरपिस्ट' अशी पाटी पाहिली तर दोन प्रश्न विचारावेत: सुरुवातीला काय मोजणार, आणि किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार? पहिल्याच भेटीत पेनड्राइव्ह आणि पावती हातात पडली तर जिना उतरावा.

वेणू:
मोजलं. पॅसेज १४ मीटर भरला. प्रत्येक वेळी तीन फेऱ्यांची सरासरी:

सकाळी ८ वाजता, ७ ची गोळी घेतल्यावर तासाने: १० मीटरला २४ पावलं, १४ सेकंद.
११.४५ ला, १२ च्या गोळीआधी: ३१ पावलं, १७ सेकंद. वळताना दोनदा अडकले.

रक्तदाब आडवे असताना १३४/८०, उभे राहिल्यावर १२६/७८. आता ठोका किती लावू?

पायरव:
रक्तदाब ठीक आहे, सुरू करा.

सकाळचा हिशोब: २४ × ६० ÷ १४ = मिनिटाला १०३ पावलं, एक पाऊल जेमतेम ४२ सेंमी. दुपारचा: मिनिटाला १०९ पावलं, पाऊल ३२ सेंमी. म्हणजे गोळी उतरली तेव्हा पावलं जास्त जलद पडली आणि तरी १० मीटरला तीन सेकंद जादा लागले. जलद ठोका का नको, ते तुमच्याच आकड्यांत आहे.

सरावासाठी सकाळचा आकडा धरा. १०३ च्या १० टक्के खाली ९३. मेट्रोनोमवर ९३, तबल्याच्या ॲपवर केहरवा १८६. पहिले दोन दिवस ९३ फारच संथ वाटून तोल जातोय असं दिसलं तर ९८ वर आणा, त्याच्या वर नको.

लक्ष्य पावलाच्या लांबीचं: ५० सेंमी. त्याच १० मीटरमध्ये २४ ऐवजी २० पावलं. ९३ च्या ठोक्यावर २० पावलं पडली तर वेळ १३ सेकंदांपेक्षा किंचित कमी लागेल, म्हणजे ठोका मंद करूनही चाल आजच्यापेक्षा वेगवान. पॅसेजमध्ये ५० सेंमीवर खडूच्या रेघा मारून पहिला आठवडा रेघ आणि ठोका दोन्ही एकत्र, दुसऱ्या आठवड्यात एकाआड एक रेघ पुसा, तिसऱ्यात सगळ्या. २० पावलांवर सुरुवातीलाच हट्ट धरू नका, आधी २२ येऊ द्या.

११.४५ च्या वेळेला सराव नाही. त्या वेळी बाथरूमपर्यंत जायचं तर ठोका आणि दारातल्या पट्ट्या. हे दोन्ही आकडे वेळांसकट कागदावर लिहून न्यूरोलॉजिस्टना पुढच्या भेटीत दाखवा. ७ ची गोळी १२ पर्यंत पुरत नाहीये, आणि ते मेट्रोनोमने सुटणारं काम नाही, गोळीच्या वेळा किंवा डोस त्यांनाच बदलावे लागतील. बदलले तर पुन्हा मोजा, ठोका नव्याने काढावा लागेल.

आणि तीन आठवड्यांनी बंद करू नका. थॉट यांच्याच गटाने २०१९ मध्ये पडण्याचा इतिहास असलेल्या ६० रुग्णांवर काम केलं, त्यात मध्ये काही आठवडे सराव थांबवलेल्या गटात पडण्याचं प्रमाण पुन्हा वाढलं होतं. नंतर आठवड्यातून चार-पाच दिवस तरी ठेवा.